‘पुरे’ कोणीं म्हणावयाचें?

कोणतेंहि कार्य आरंभणें एक वेळ सोपें. तें योग्य ठिकाणीं थांबविणें यांतच खरें कौशल्य आहे, हें घरांतील पंगतीवरूनहि दिसून येतें. वाढणाऱ्याच्या हातीं तुपाचें भांडें दिलें म्हणजे त्याचा हात आपसूक सैल होतो, आणि जेवणारानें पानावर आडवा हात धरल्यावांचून तो आवरत नाहीं. जर्मन कवि गटे यानें १७९७ सालीं लिहिलेल्या एका सुप्रसिद्ध कवितेंत हाच प्रकार मोठ्या मौजेनें वर्णिला आहे. जादुगाराचा एक शिष्य गुरु बाहेर गेल्याची संधि साधून केरसुणीस पाणी आणावयास लावतो. आरंभाचा मंत्र त्यास ठाऊक असतो. थांबविण्याचा मंत्र मात्र ऐन वेळीं आठवत नाहीं. घरभर पाणी होतें. तो कुऱ्हाडीनें केरसुणीचे दोन तुकडे करतो, तों ते दोन्ही तुकडे उठून पाणी भरूं लागतात. अखेर गुरु परत येतो आणि सारें थांबवितो.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरांतील कपडे धुण्याच्या यंत्रानें त्या केरसुणीचें सोंग घेतलें, आणि गुरु कांहीं लवकर येईना. त्या निमित्तानें जें पाहिलें व समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण अशीं यंत्रें आतां पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं वावरणारीं माणसेंहि आहेत.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. पुण्यांतील एका तीन मजली इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर आम्ही राहतों. न्हाणीघराशेजारीं पुढून वाटोळें कांचेचें दार असलेलें हें यंत्र सहा वर्षांपासून उभें आहे. रोजचें धुणें दोन खेपांचें. कामास येणाऱ्या मावशी कपडे आंत घालतात, वरच्या खणांत साबणाची पूड टाकतात, बटण दाबतात आणि भांड्यांकडे वळतात. हा क्रम इतका अंगवळणी पडला होता, कीं घरांत यंत्र आहे याची आठवणहि कोणास होत नसे. यंत्राच्या दृष्टीनें ही मोठीच प्रशस्ति म्हणावयाची.

एके दिवशीं साबणाच्या खणांतून पाणी ओघळूं लागलें आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलें. कांचेंतून पाहावें तों पाणी नेहमींच्या खुणेच्या कितीतरी वर. एऱ्हवीं हीं यंत्रें पाणी जपून वापरतात. सात किलो कपड्यांच्या एका धुण्यास, खळबळण्यासुद्धां, साधारणतः ४० ते ६० लिटर पाणी पुरतें, आणि कोणत्याहि एका वेळीं आंत असलेलें पाणी कांचेच्या खालच्या भागांतच राहतें. आमचें यंत्र मात्र आधीं योग्य तेवढें पाणी घेई, कपडे फिरवूं लागे, आणि थोड्या वेळानें पुन्हां पाणी मागे. पुन्हां फिरवी, पुन्हां मागे. जेवण झाल्याचें विसरून परत पान मांडावयास सांगणाऱ्या वृद्धासारखी त्याची गत झाली होती. त्यांत दिवस उन्हाळ्याचे. इमारतींत टँकर येऊं लागले होते, आणि पाण्याची बादली मोजून वापरण्याची शिकवण मुलांस रोज दिली जात होती.

एकत्र कुटुंबांत संकट आलें म्हणजे मतांचा तुटवडा कधींच पडत नाहीं. हातानें धुतलेलें लुगडेंच काय तें स्वच्छ, हा आपला जुना सिद्धांत आजींनीं पुन्हां मांडला. दादांच्या मतें यंत्राचें आयुष्य संपलें होतें. वहिनींस साबणाचा संशय येत होता. तोंपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून आमच्या दहा वर्षांच्या पुतण्यास स्टुलावर बसवून पहारा नेमला. पाणी खुणेपर्यंत आलें कीं त्यानें ‘पुरे!’ असें ओरडावें आणि नळाची तोटी बंद करावी. हें काम त्यानें दोन दिवस उत्साहानें केलें आणि तिसऱ्या दिवशीं राजीनामा दिला.

थोरल्या काकूंचें मत मात्र यंत्राविषयीं नव्हतेंच. तें मावशींविषयीं होतें. “मावशी, तुम्ही ‘जादा पाणी’ हेंच बटण दाबतां, आणि मग तिकडे ढुंकूनहि पाहत नाहीं,” असें त्या एके सकाळीं सर्वांदेखत म्हणाल्या.

“यंत्र आल्यापासून मी एकच बटण दाबतें आहें, काकू,” मावशी म्हणाल्या. “पाणी किती घ्यायचें तें यंत्र ठरवतें. मला कोण विचारतें?”

काकूंचें समाधान झालें नाहीं. पहिल्या तारखेपासून दुसरी बाई पाहावी, असें त्यांनीं वहिनींजवळ बोलून दाखविलें. नऊ वर्षें या घरांत येणाऱ्या बाईची उपजीविका एका बटणावर येऊन ठेपली होती. पहिली तारीख आठवड्यावर होती. आम्हीं काकूंजवळ तेवढ्या आठवड्याची मुदत मागितली, आणि यंत्रास ‘पुरे’ हें कळतें तरी कसें, याचा शोध आरंभिला.

पूर्वीं लग्नमुंजींत मुहूर्ताची वेळ साधण्यासाठीं पाण्यावर घटिकापात्र सोडीत असत. बुडाशीं बारीक छिद्र असलेली ती वाटी एका घटिकेंत, म्हणजे २४ मिनिटांत, भरून बुडे. पाणी आपल्या गतीनें आंत येई. तें भरलें हें सांगावयास मात्र जोशीबुवा डोळ्यांत तेल घालून बसलेले असत. शौचकूपाच्या टाकींत जोशीबुवांची जागा तरंगत्या गोळ्यानें घेतली. पाण्याबरोबर गोळा वर येतो आणि त्याची दांडी पाण्याचें तोंड मिटते. धुण्याच्या यंत्रांत असा गोळा ठेवतां येत नाहीं. आंतील पाणी कपड्यांसह घुसळलें जात असतें, त्यांत फेंस असतो, तंतु असतात. म्हणून यंत्र पाण्याकडे पाहतच नाहीं. तें हवेकडे पाहतें.

यंत्राच्या टाकीच्या तळाशीं एक लहानशी पोकळ कुपी असते, आणि तिच्यापासून बोरूहूनहि बारीक अशी एक नळी वर चढत जाऊन एका चपट्या डबीस मिळते. कारागीर तिला प्रेशर स्विच किंवा लेव्हल सेन्सर म्हणतात. पाणी टाकींत शिरलें कीं कुपीचें तोंड बुडतें आणि नळींतील हवा कोंडली जाते. पाणी जसजसें चढतें तसतशी ती हवा दबते. पाणी १० सेंटिमीटर चढलें तर हवेवरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारें एक शतांशानें वाढतो. वाढ एवढीशी, पण डबींतील पातळ पडदा तेवढ्यानेंहि हलतो. जुन्या यंत्रांत तो हलला कीं ‘टक्’ असा आवाज होऊन पाण्याचा विद्युत्प्रवाह तुटे. नव्या यंत्रांत त्याच्या हालण्याप्रमाणें एका विद्युत्संकेताची कंपनसंख्या बदलते, आणि तीवरून यंत्राचा मेंदु पाण्याची उंची ओळखतो. म्हणजे एवढ्या अवजड यंत्राचें सारें तारतम्य नळींत कोंडलेल्या चिमूटभर हवेवर अवलंबून असतें. नळी साबणाच्या गाळानें तुंबली, निसटली, किंवा तीस सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें, कीं त्यास ‘पुरे’ ऐकूं येईनासें होतें.

परंतु दोष नळींतच आहे असें धरून चालणें हाहि एक पूर्वग्रहच झाला असता. कारण पाणी अधिक होण्याचीं कारणें अनेक आहेत. आनंदाची गोष्ट ही, कीं त्यांची निवड करावयास कोणतेंहि उपकरण लागत नाहीं. पाणी भरत असतांना भिंतीवरील विजेचें बटण बंद करावें (फरशी ओली असेल तर तिच्यावर उभें राहून, ओल्या हातानें, कशासहि स्पर्श करूं नये), आणि कान देऊन ऐकावें. वीज तुटल्यावरहि पाणी येतच राहिलें, तर दोष यंत्राच्या ज्ञानांत नाहीं. तो पाण्याच्या झडपेंत, म्हणजे इनलेट व्हॉल्व्हमध्यें आहे. पाणी तत्क्षणीं थांबलें तर झडप निर्दोष आहे. तिला बंद होण्याची आज्ञाच मिळत नाहीं, असें समजावें.

या झडपेची रचना ध्यानीं घेण्यासारखी आहे. तिच्यांत रबराचा एक पडदा असतो. वीज त्यास उघडण्याची वाट करून देते. मिटण्याचें काम मात्र नळांतील पाणी स्वतःच्या दाबानें करतें. टँकरच्या पाण्यांतून आलेला रेतीचा कण पडद्याखालीं अडकला, किंवा क्षारांचा थर चढला, तर तो नीट बसत नाहीं आणि पाणी झिरपत राहतें. रात्रीं बंद करून ठेवलेल्या यंत्रांत सकाळीं पाणी आढळलें, तर हेंच कारण समजावें. नळीच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी वरचेवर धुण्याचें प्रयोजन तेंच. वरच्या मजल्यावर राहणारांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारें एक बार दाब देतो. गच्चीवरील टाकींतलें पाणी यंत्राहून तीनच मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच्या आसपासच भरतो. अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेंत कमींत कमी किती दाब हवा तें दिलेलें असतें. दाब त्याहून कमी पडला तर चांगली झडपहि आळसानें मिटते.

तिसरा प्रकार फसवा आहे. पाणी अखंड येत असतें, परंतु आंतील पातळी चढतच नाहीं. अशा वेळीं सांडपाण्याची नळी पाहावी. तिचें टोंक फार खालीं पडलें असेल, तर पाणी एकीकडून येतें आणि दुसरीकडून आपोआप ओढलें जातें. पुढून दाराच्या यंत्रांत हें टोंक सामान्यतः जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंच ठेवावें लागतें, आणि गटाराच्या पाइपांत तें हवाबंद ठोकून बसवूं नये. चौथा प्रकार विरळा. यंत्रास वीज दिली आहे, पण धुणें सुरूच केलेलें नाहीं, आणि तरीहि पाणी येऊं लागलें, तर यंत्राच्या मेंदूंतील झडपेचा खटका चिकटला आहे असा संशय घेण्यास जागा असते.

आम्हीं हे प्रयोग घरच्या सर्व मंडळींसमक्ष केले. ‘जादा पाणी’ या बटणाचा दिवा लागलेला नव्हता, हें प्रथम सर्वांनीं पाहिलें. पाणी चढूं लागतांच वीज तोडली. पाणी तात्काळ थांबलें. झडप सुटली. वीज देऊन धुणें सुरू न करतां दहा मिनिटें वाट पाहिली. थेंबहि आला नाहीं. सांडपाण्याची नळी आपल्या आंकड्यांत उंच अडकलेली होती. राहतां राहिली ती हवेची नळी.

इतक्यांत दादांनीं बोलावलेला कंपनीचा माणूस आला. त्यानें पाट्यांवरील दिवे पाहिले, यंत्र उघडण्याची तसदी घेतली नाहीं, आणि पीसीबी, म्हणजे यंत्राचा मेंदु, बदलावा लागेल असें सांगून कांहीं हजारांचा आंकडा कागदावर लिहिला. मेंदु बिघडल्याचें कोणत्या लक्षणावरून ठरविलें, असें आम्हीं विचारलें, तेव्हां “पाणी जास्त येतें ना?” एवढेंच उत्तर मिळालें. काकूंनीं मावशींविषयीं जें अनुमान केलें होतें, तें याहून निराळें नव्हतें. फरक एवढाच, कीं याच्या अनुमानाची छापील पावती मिळणार होती. आम्हीं त्यास चहा दिला आणि निरोप दिला.

दुसऱ्या दिवशीं गल्लींत दुरुस्तीचें लहानसें दुकान चालविणारा एक तरुण कारागीर आला. आमच्या प्रयोगांची हकीकत त्यानें शांतपणें ऐकून घेतली, प्लग स्वतःच्या हातानें काढला, पकडीनें व पेचकसानें वरचें झांकण उतरविलें आणि ती बारीक नळी हलकेच दोन्हीं टोंकांकडून सोडविली. नळी डबीस जोडलेली असतांना तींत जोरानें फुंकूं नये, आंतील पडदा फाटतो, हें त्यानें आवर्जून सांगितलें. मग एक टोंक बोटानें दाबून, मधला भाग पाण्याच्या पातेल्यांत बुडवून, त्यानें दुसऱ्या टोंकांतून हळूच फुंकर मारली. पाण्यांतून बुडबुड्यांची एक नाजूक माळ वर आली.

यंत्र कपडे पिळतांना जोरानें हादरतें. त्या हादऱ्यांनीं नळी पत्र्याच्या कडेवर सहा वर्षें घांसत आली होती, आणि तेथें टांचणीच्या टोंकाएवढें छिद्र पडलें होतें. यंत्र ‘पुरे’ म्हणे, पाणी बंद करी. पण कोंडलेली हवा त्या छिद्रांतून हळूहळू निसटे, दाब उतरे, आणि पाणी कमी झालें असें समजून तें पुन्हां मागूं लागे. यंत्र खोटें बोलत नव्हतें. त्यास खोटी बातमी मिळत होती. कारागिरानें त्याच जाडीची व त्याच पोकळीची नवी नळी बसविली, ती कडेपासून दूर बांधली, आणि तळाची कुपीहि धुऊन काढली. नळीची किंमत एका वेळच्या भाजीइतकी झाली; त्यानें मागितलेली मजुरी आम्हीं आनंदानें दिली.

संध्याकाळीं काकूंनीं मावशींस हांक मारली. काकूंचा स्वभाव करारी, पण मनांत एक आणि ओठांवर एक असा नाहीं. ज्या मंडळींदेखत त्या बोलल्या होत्या, त्याच मंडळींदेखत त्या म्हणाल्या, “मावशी, दोष नळीचा निघाला. मीं तुम्हांला उगाच बोललें.”

मावशींनीं पदरास हात पुसले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. त्या म्हणाल्या, “नळी सांपडली म्हणून बरें झालें, काकू. नसती सांपडली तर?”

या प्रश्नास त्या वेळीं कोणींच उत्तर दिलें नाहीं, आणि तो आमच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं. नळी सांपडली नसती, तर मावशी दोषी ठरल्या असत्या काय? खरा अपराधी हातीं लागला म्हणूनच निरपराध्याची सुटका व्हावी, ही कोठली न्यायाची रीत? ज्याच्यावर आळ आला त्यानें आपलें निर्दोषत्व सिद्ध करावें, असा दंडक कोणतेंहि न्यायालय मान्य करणार नाहीं. परंतु आपल्या घरांत तो सर्रास चालतो. दूध उतूं गेलें, कांचेचें भांडें फुटलें, किल्ली हरवली, कीं दृष्टि वळते ती घरांतल्या सर्वांत धाकट्याकडे, नवीन आलेल्या सुनेकडे, किंवा कामास येणाऱ्या बाईकडे. त्यांचा दोष अधिक असतो म्हणून नव्हे. त्यांस उलट उत्तर देतां येत नाहीं म्हणून. यंत्र तर मुकेंच. तेव्हां मुक्या यंत्राच्या अपराधाचें ओझें, बोलतां येत असूनहि बोलण्याची सोय नसलेल्या माणसावर सहज येऊन पडतें.

बुद्धिवान् घराण्यांस या गोष्टींत विशेष सावध राहावें लागतें असें आमचें मत आहे. आपण मुलांस पदार्थविज्ञान शिकवितों, दाब आणि वातावरण यांवरील प्रश्नांस गुण मिळाले म्हणजे पेढे वांटतों. परंतु तीच परीक्षक बुद्धि न्हाणीघराच्या दारांत येतांच चपलांबरोबर बाहेर राहते. विजेचें बटण बंद करून कान देण्यास अर्धें मिनिट लागतें. तें अर्धें मिनिट न देतां एखाद्याच्या नऊ वर्षांच्या सचोटीवर बोट ठेवणें हें शिकलेल्या घरास शोभत नाहीं. थांबण्याची जाण यंत्रास हवी तशी ती जिभेसहि हवी, आणि जिभेच्या बाबतींत ‘पुरे’ म्हणावयास बाहेरचा कारागीर येत नाहीं.

आतां आमच्या यंत्राच्या बाजूस भिंतीवर एक कागद चिकटविलेला आहे. पुतण्याच्या अक्षरांत त्यावर पांच ओळी आहेत. पहिली: नळाची तोटी बंद करा. दुसरी: बटणें व दिवे तपासा. तिसरी: पाणी येत असतांना वीज तोडून तें थांबतें कीं नाहीं पाहा. चौथी: सांडपाण्याच्या नळीची उंची पाहा. पांचवी: प्लग काढून कारागिराकडून हवेची नळी तपासून घ्या. त्याखालीं काकूंनीं स्वतः आणखी एक ओळ लिहविली आहे: एवढें होईपर्यंत कोणाचेंहि नांव घेऊं नये.